इग्नू घ्यावं की आपलं गोवर्धनचं 'मुक्त'? (आणि त्यानिमित्तानं थोडा इतिहास)

रविवारचा_मास्तर

मंडळी, नमस्कार.

परवा मावसभावाची मुलगी घरी आली होती. बारावी झालीय, कॉलेज रोडला कपड्यांच्या दुकानात काम करते. पगार सोडायचा नाही आणि बीए करायचंय. प्रश्न सरळ होता : "काका, इग्नू करू का मुक्त?" (इग्नू म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 'मुक्त' म्हणजे आपलं नाशिकचं; दोन्हीकडे रोज वर्गात न बसता घरून शिकायचं.) मी गेली अकरा वर्षं एका अभ्यासकेंद्रावर रविवारी समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून जातो (एरवी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो). म्हणजे उत्तर एका वाक्यात द्यायला हवं होतं. चहा गार झाला तरी मी १९६९ सालातच होतो. पोरगी जांभया द्यायला लागली. म्हटलं, हे सगळं धाग्यावर ओतू, तिथे जांभई दिलेली दिसत तरी नाही.

आधी आपल्या गावाची गंमत. नाशकात विद्यापीठं दोन. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ, १९९८ चं. गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १ जुलै १९८९ चं. पण शहरातल्या साध्या कॉलेजातून बीए केलं की गुणपत्रक पुण्याचं. घरात दोन विहिरी आणि प्यायचं पाणी शेजारून, असा प्रकार. चव्हाणांचं नाव मात्र इथे नुसतं लावायचं म्हणून लावलेलं वाटत नाही. संरक्षणमंत्री झाल्यावर ते लोकसभेवर निवडून गेले ते नाशिकमधून, तेही बिनविरोध. जुन्या लोकांना अजून त्याचा अभिमान आहे.

आता मूळ. ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचा नेता (पुढे पंतप्रधान) हॅरॉल्ड विल्सननं १९६३ साली 'युनिव्हर्सिटी ऑफ द एअर'ची कल्पना मांडली. १९६९ ला ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली, १९७१ च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी अभ्यासाला लागले आणि बीबीसीवर त्यांचे धडे सुरू झाले. आपल्याकडे टपालानं शिकवणं त्याच्याही आधीचं, दिल्ली विद्यापीठानं १९६२ लाच सुरू केलेलं. पण ते म्हणजे नेहमीचाच अभ्यासक्रम, नेहमीचीच परीक्षा, फक्त वर्गाऐवजी पाकिटातून नोट्स. मुक्त विद्यापीठात पुस्तकच असं लिहायचं की मास्तर शेजारी बसलाय असं वाटावं. आधी उद्दिष्टं, मग छोटा तुकडा, मग 'स्वतः तपासा', शेवटी उत्तरं. हा फरक लक्षात आला नाही तर पुढचं सगळंच 'टपाल डिग्री' वाटतं.

१९७४ साली पार्थसारथी समितीनं राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ काढा म्हणून शिफारस केली. फाइल झोपली. १९८२ ला आंध्रनं हैदराबादला स्वतःचं काढून टाकलं, कुलगुरू जी. राम रेड्डी. १९८५ ला संसदेनं इग्नूचा कायदा केला आणि पहिले कुलगुरू म्हणून त्याच राम रेड्डींना दिल्लीला नेलं. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले, भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. १९९५ मध्ये तेही इग्नूचे कुलगुरू झाले. राज्यात घडी बसवायची आणि मग ती दिल्लीला न्यायची, असं दोनदा झालं. दोघंही राम, हा योगायोग पंचवटीकरांसाठी.

उरलेलं तुम्ही सांगा. पोरीला काय सांगू?

खवचट_नाशिककर

लेख लांब, मुद्दा छोटा. सरळ विचारतो : वर्गात न बसता मिळालेली डिग्री, वर्गात बसून मिळालेल्या डिग्रीइतकी कशी? आमच्या ओळखीत एकजण आहे. त्यानं पुस्तकाच्या गठ्ठ्याची सुतळीही न सोडता बीए केलं. सुतळी अजून आहे, दाखवू शकतो.

सातपूर_थर्डशिफ्ट

खवचटराव, वर्गात बसून कॅन्टीनमध्ये डिग्री केलेले दाखवू का? यादी मोठीय.

मी मुक्तचा बीए. सातपूरला मशीनवर. रात्रपाळी सुटायची सातला, संपर्कसत्र (म्हणजे केंद्रावरचा वर्ग) दहाला. घरी गेलो तर झोपणार हे नक्की, म्हणून कंपनीतूनच सायकलवर थेट केंद्रावर. एका प्राथमिक शाळेत भरायचं. बाक चौथीच्या पोरांचे, गुडघे वर येऊन फळीला लागायचे. फळ्यावर शनिवारचा पाढा तसाच. तिसऱ्या बाकावर मी झोपायचो, हे कबूल करतो. आमचे सर एकदा शिकवता शिकवता थांबले, माझ्या डोक्यावरचा पंखा लावला आणि पुढे शिकवायला लागले. त्या दिवशीचा विषय अजून आठवतो : पंचायत राज, त्रिस्तरीय रचना. बाकी वर्षाचं सगळं विसरलो.

रविवारचा_मास्तर

थर्डशिफ्ट, तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा.

खवचट, सुतळीवाले आहेत, नाकारत नाही. गेल्या वर्षी गृहपाठ तपासत होतो. प्रश्न चलनवाढीचा. फुलस्केप कागद, निळी शाई, मार्जिन आखलेला, सुंदर अक्षर. दुसऱ्या पानावर मध्येच वाक्य : 'यासाठी पृष्ठ ३७ वरील आकृती पाहा.' कुठल्या पुस्तकातलं पृष्ठ ३७ ते देव जाणे. पुढच्या गठ्ठ्यातले चार गृहपाठ काढले तर चारही जण मला पृष्ठ ३७ वरच पाठवत होते. पण त्याच गठ्ठ्यात एका बाईंनी भाज्यांच्या भावाचं उदाहरण दिलं होतं : जुडीची किंमत तीच, जुडी बारीक झाली. पाठ्यपुस्तकात हे नाही. या दोघांना एकाच विद्यापीठाची पदवी मिळणार, ही अडचण खरी आहे. पण ती कॉलेजांतही तितकीच आहे.

मैदानगढीहून

दिल्लीत बारा वर्षं राहिलो, मूळचा देवळालीचा. इग्नूच्या रचनेबद्दल थोडं लिहितो, कारण 'इग्नू का मुक्त' याचं अर्धं उत्तर त्या रचनेत आहे.

इग्नू केंद्राच्या कायद्यानं झालेलं. कुलाध्यक्ष राष्ट्रपती. आपल्याकडे राज्यपाल कुलपती असतात तसं इग्नूत कुलपतिपद नाही. कारभार व्यवस्थापन मंडळाकडे, अध्यक्ष कुलगुरू. शिक्षणाचं विद्यापरिषद बघते, पैशाचं वित्त समिती. नियोजन मंडळ वेगळं, तेही कायद्यातच घातलेलं. नुसतं ऐकायला हे रुक्ष आहे, पण मुद्दा असा की संलग्न कॉलेजं नावाचा प्रकारच नाही. पुणे विद्यापीठाचं निम्मं बळ कॉलेजांना मान्यता देण्यात आणि त्यांच्या परीक्षा घेण्यात जातं. इग्नूला ती भानगड नाही. त्याऐवजी विद्याशाखा पुस्तकं तयार करतात, प्रादेशिक केंद्रं साठाहून जास्त (महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर), आणि त्यांच्या खाली अभ्यासकेंद्रं, म्हणजे दुसऱ्यांच्या कॉलेजातल्या दोन खोल्या आणि एक कपाट.

१९८७ मध्ये सुरुवात केली तेव्हा शिक्षणक्रम दोनच : व्यवस्थापन पदविका आणि दूरशिक्षण पदविका. विद्यार्थी ४,५२८. दुसरा शिक्षणक्रम बघा. लांबून कसं शिकवायचं हेच आधी शिकवायला घेतलं, कारण ते येणारी माणसं देशात फारशी नव्हतीच. मला त्यांच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते.

आणि एक न पटलेली. इग्नूच्या कायद्यात एक कलम आहे की मुक्त आणि दूरशिक्षणाचा देशभर प्रसार करणं, त्याचा दर्जा ठरवणं हेही या विद्यापीठाचं काम. त्याच्या आधारे १९९१ ला दूरशिक्षण परिषद इग्नूच्या पोटातच स्थापन केली. म्हणजे स्वतः मैदानात खेळायचं आणि शिट्टीही स्वतःच वाजवायची. नाशिकचं विद्यापीठ त्याच मैदानात, त्याला काय वाटत असेल? माधव मेनन समितीनं यावर बोट ठेवलं आणि २०१३ ला परिषद बरखास्त होऊन काम यूजीसीकडे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेलं. बावीस वर्षं लागली.

खवचट_नाशिककर

बावीस वर्षांत आमचा तो सुतळीवाला एमए पण झाला असेल.

गोदातीर

मी भरती विभागात काम करते, तेव्हा मान्यतेचं मी सांगते. भावनेनं नको, कागदानं बोलू.

१. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार, मान्यता असलेल्या संस्थेची दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीला समकक्ष आहे. सप्टेंबर २०२२ ला यूजीसीनं हे पुन्हा स्पष्ट केलं. कुणी 'चालणार नाही' म्हटलं तर लेखी मागा.

२. पण 'मान्यता' विद्यापीठाला असून भागत नाही, त्या शिक्षणक्रमाला त्या वर्षी हवी. प्रवेशाआधी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्यूरोच्या यादीत बघायचं. हे न बघता पैसे भरलेले उमेदवार माझ्यासमोर रडलेत.

३. इंजिनीअरिंग, वैद्यकीय असले अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीनं चालत नाहीत. कुणी देतो म्हणाला तर पळा.

४. २००९ ला सर्वोच्च न्यायालयानं अण्णामलाई विद्यापीठाच्या खटल्यात सांगितलं की यूजीसीचे नियम मुक्त विद्यापीठांनाही लागू, मूळ पदवी नसताना थेट केलेलं एमए ग्राह्य नाही. तेव्हा थेट एमए केलेल्यांची धांदल उडाली होती.

मास्तर, तुमच्या भाचीला, नाही पुतणीला, इतकं पुरे.

पूर्वतयारीवाली

गोदातीरताई, तुमचा चौथा मुद्दा वाचून हात थरथरला. थेट एमए नाही, पण माझं त्याच घरातलं दुखणं आहे.

मी दहावी नापास. अठराव्या वर्षी लग्न, पहिला मुलगा विसाव्या. सासरी शिकायचं म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "शाळेला कंटाळली होतीस ना?" मग पूर्वतयारी शिक्षणक्रम कळला. बारावी नसलेल्यांनी तो करायचा, पास झालं की बीएच्या पहिल्या वर्षाला प्रवेश. पुस्तक उंबऱ्यावर बसून वाचायचे, कारण उजेड तिथेच. बीए झाले तेव्हा मुलगा पाचवीत होता, आणि माझ्या निकालाचे पेढे त्यानं वाटले.

नोकरी लागली. पुढे पदोन्नतीच्या वेळी कार्यालयानं शेरा मारला : बारावीचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही. (कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, अजून तिथेच आहे.) मी पदवी दाखवते, ते बारावी मागतात. साहेब म्हणाले, "मॅडम, जिन्याची मधली पायरी कुठाय?" मी म्हटलं, "मी भिंतीवरून चढले." ते हसले, फाइल मात्र आठ महिने तिथेच. शेवटी विद्यापीठाचं पत्र, जुना शासन निर्णय, अर्जावर अर्ज. मिळाली पदोन्नती. पण ज्या दारातून मी आत आले ते दार आता अरुंद झालंय, बारावी किंवा समकक्ष लागतेच. वाईट वाटतं.

गोदातीर

ताई, तुमचं वाचून मीच गप्प झाले. नियम सांगणं सोपं असतं. आता ज्यांच्याकडे बारावी नाही त्यांनी आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची बारावी करावी. मार्ग लांब झाला, पण पुढे कुणी मधली पायरी विचारणार नाही.

सातपूर_थर्डशिफ्ट

"मी भिंतीवरून चढले." ताई, सलाम.

दिंडोरीकर

राम राम. माझी द्राक्षबाग, शिक्षण आधी बारावी. मुक्तमधून फळबागेची पदविका केली. ही गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो : मुक्तनं सुरुवातीपासून कृषिविज्ञानाची विद्याशाखा ठेवली. फळबाग, भाजीपाला, फुलशेती. साहेबलोक बीए-बीकॉमच्या पुढं बघतच नाहीत.

आमच्या तुकडीत एक प्रात्यक्षिक होतं, छाटणीचं. सर आले, कात्री घेतली, काडी धरली आणि डोळा कुठला ठेवायचा ते सांगू लागले. आमच्यातला एक वयस्कर बागाईतदार, साठीचा असेल, हळूच म्हणाला, "सर, ही काडी मागल्या वर्षाची नाय." सरांनी काडी नखानं खरवडून बघितली, म्हणाले, "बरोबर. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." त्या दिवशी उलटा वर्ग झाला. सर खाली बसले, आजोबा उभे. कुठल्या कॉलेजात होईल का हे?

मैदानगढीहून

दिंडोरीकर, हे फार आवडलं. आणि राज्याचं मुक्त विद्यापीठ वेगळं का हवं याचं हेच कारण. इग्नूचं पुस्तक प्रामुख्यानं इंग्रजी-हिंदीत, काश्मीरपासून केरळपर्यंत चालेल असं लिहिलेलं. त्यात दिंडोरीची काडी येणार नाही. नाशिकच्या विद्यापीठाचं बोधवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी', आणि त्यातल्या 'घरोघरी'चा अर्थ मराठीतून असाच घ्यायला हवा. अमरावती, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, नागपूर, नाशिक, पुणे, कोल्हापूर, नांदेड अशी आठ विभागीय केंद्रं, म्हणजे आख्खा महाराष्ट्र.

उलट बाजू : बदलीची नोकरी असेल, आज नाशिक उद्या जबलपूर, तर इग्नूच सोयीचं. अभ्यासकेंद्र बदलून घेता येतं. आमच्या देवळालीत लष्करातली कितीतरी मंडळी म्हणून इग्नूच घेतात.

खवचट_नाशिककर

बरं बाबांनो, काडी पटली. पण एक शंका खरीच आहे, खवचटपणा नाही. कॉलेजात नापास व्हायची भीती असते, हजेरी असते. इथे बांधून कशानं ठेवतात?

रविवारचा_मास्तर

कशानंच नाही. हेच उत्तर आहे, आणि हीच दुखरी जागा.

इग्नूत हिशोब श्रेयांकात. एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचा अभ्यास, म्हणजे चार श्रेयांकांचा विषय घेतला की एकशेवीस तास तुम्ही कुठूनतरी काढायचे. स्वाध्यायांना साधारण तीस टक्के भार, सत्रान्त परीक्षेला सत्तर. परीक्षा जून आणि डिसेंबर. तीन वर्षांची पदवी सहा वर्षांत करायची मुभा. ही मुभाच घात करते. 'पुढच्या डिसेंबरला देऊ' म्हणणारे मी इतके पाहिलेत की आता हजेरीपटावरची नावं पेननं लिहीत नाही, पेन्सिलीनं लिहितो.

गेल्या जुलैच्या पहिल्या रविवारी माझ्या यादीत बासष्ट नावं होती. आले एकवीस. दिवाळीनंतर नऊ. या नवांत एक रिक्षावाले, दोन आशाताई, एक पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाई. त्या डबा आणतात आणि सगळ्यांना देतात, म्हणून मला शंका आहे की नवातले तीन डब्यासाठी येतात. असू दे. तिसऱ्या रविवारी रिक्षावाल्यांनी विचारलं, "सर, मागणीचा नियम मीटरला लागू का होत नाही?" मला नीट उत्तर आलं नाही. घरी येऊन पुस्तक उघडलं. नोकरीच्या कॉलेजात माझ्यावर ही वेळ शेवटची कधी आली होती, आठवत नाही.

म्हणून मुलीला काल फोन करून सांगितलं : मराठीतून शिकायचं असेल आणि नाशिक सोडायचं नसेल तर मुक्त. बाहेर जायची शक्यता असेल, हिंदी-इंग्रजीची भीती नसेल तर इग्नू. पण यापेक्षा महत्त्वाचं, फॉर्म भरायच्या आधी दोन-तीन अभ्यासकेंद्रांवर रविवारी जाऊन बस. खोली उघडी आहे का बघ. संयोजक फोन उचलतो का बघ. दिल्लीचा कायदा आणि गोवर्धनची इमारत तुला कधी भेटणार नाही. तुला भेटणार तो एक संयोजक, एक समंत्रक आणि कपाटाची किल्ली असलेला शिपाई.

पूर्वतयारीवाली

शंभर टक्के. माझ्या वेळी कपाटाची किल्ली शिपाईदादा गावाला घेऊन गेले होते. तीन रविवार पुस्तकांशिवाय काढले.

सातपूर_थर्डशिफ्ट

मास्तर, मग पोरगी काय म्हणाली?

रविवारचा_मास्तर

मुक्त घेतेय. दुकानाला रविवारी सुट्टी नाही म्हणे, रविवारीच तर गिऱ्हाईक. मालकाशी बोलून तिनं मंगळवार रविवारात बदलून घेतलाय. मी सांगायच्या आधी तिनं हे केलं, त्याअर्थी ती नवात राहील असं वाटतंय.

दिंडोरीकर

मास्तर, एक विनंती. तुमच्या केंद्रावर आमच्याकडची दोन पोरं येणार यंदा. ऑक्टोबर छाटणीच्या आठवड्यातला रविवार सत्राला ठेवू नका. बागेतून कुणी हलणार नाय.

रविवारचा_मास्तर

संयोजकांच्या कानावर घालतो. त्यांची स्वतःची दीड एकर बाग आहे मोहाडीला, तेही त्या रविवारी येत नाहीत.